दोन पुस्तकं घेऊन सुपीरियरच्या काठी

ब्रॅम्पटन

माझ्या सासूबाई २०१७ च्या जूनमध्ये वसईहून पहिल्यांदाच आमच्याकडे कॅनडात आल्या. त्यांना आम्ही आईच म्हणतो. सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी आमचं घर पाहिलं, बेसमेंट पाहिलं, मॉल पाहिला, चर्चमधली आपली वसई-ठाण्याची मंडळी पाहिली. नायगरा दाखवायला नेलं तर कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाणी पुष्कळ आहे." मग एका रविवारी जेवताना त्यांनी इनासला विचारलं, "तू फोनवर सांगतोस तो गोड्या पाण्याचा समुद्र कुठे आहे?"

इनास माझा नवरा. तो ट्रक चालवतो. ब्रॅम्पटनच्या गोदामांतून माल भरायचा आणि विनिपेगला नेऊन टाकायचा, हे त्याचं काम. वाटेत लेक सुपीरियरच्या कडेकडेने जावं लागतं. त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही, वादळात लाटा रस्त्यापर्यंत येतात, असं तो आईला वर्षानुवर्षं फोनवर सांगत आला होता.

"लांब आहे, आई. एका दिवसात होत नाही."

"मग दोन दिवसांनी पोचू."

इनासने हातातला घास ताटात ठेवला. "खरं सांगू का, मीसुद्धा त्या पाण्याला कधी हात लावलेला नाही. ट्रक थांबवायची जागा असते तिथे पाणी नसतं, आणि पाणी असतं तिथे ट्रक थांबवता येत नाही."

सहल तिथेच ठरली. आईंना मधुमेह. इन्सुलिन घेतात, जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतात आणि बाहेरचं खाणं त्यांना सोसत नाही. मोटेलात राहून हे जमलं नसतं. म्हणून आरव्ही भाड्याने घ्यायची असं ठरलं. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर: पुढे ड्रायव्हरची सीट, मागे शेगडी, फ्रिज, पलंग आणि कपाटाएवढा संडास. असं घर कुठेही उभं करता येत नाही. त्याला रात्रीपुरती कॅम्पग्राउंडची जागा लागते, तिथे वीज आणि पाणी जोडून मिळतं. कॅम्पग्राउंडं शेकड्यांनी आहेत. त्यातलं कुठलं निवडायचं, याचीच पुस्तकं निघतात.

"पुस्तक कशाला? मला रस्ता पाठ आहे," इनास म्हणाला.

"रस्ता पाठ आहे, जागा कुठे माहीत आहेत? तू तर ट्रकमध्येच झोपतोस."

"फोनवर बघू."

"वाटेतल्या वावा गावाच्या आसपास तासन्‌तास सिग्नल नसतो, हे मला कुणी सांगितलं?"

मग आम्ही चौघं, म्हणजे आई, इनास, मी आणि आमची बारा वर्षांची मेलिसा, कॅम्पिंगचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात गेलो. तंबूंच्या मागे पुस्तकांची एक मांडणी होती. तिथे आमचा तासभर गेला.

इनासने उचललं ते विटेएवढं जाड होतं. अख्ख्या उत्तर अमेरिकेतली कॅम्पग्राउंडं त्यात, प्रत्येकाला एक-दोन ओळी आणि पुढे आकडे: संडासाला इतके गुण, दिसण्याला इतके गुण. मेलिसाने काउंटरवरची फुकट पुस्तिका घेतली, कारण तिच्यात फोटो होते. त्यातली सगळी तळी निळी, सगळी मुलं हसरी. माझ्या हाताला लागलं ते एका नवरा-बायकोने लिहिलेलं पातळसं पुस्तक. त्यांनी जुन्या व्हॅनमधून फिरून फक्त ऑन्टारिओतल्या जागांबद्दल लिहिलं होतं.

आता यातलं खरं कुठलं, हे दुकानात उभं राहून कसं ठरवायचं? मी पुस्तकं चाळत असताना आईंनी विचारलं, "ज्याने लिहिलंय तो तिथे राहिलाय का?"

त्यावरून मला सुचलं. दोन वर्षांपूर्वी चर्चमधली चार कुटुंबं मिळून आम्ही एका तळ्याकाठी तंबूत राहिलो होतो. तिथे शॉवरला गरम पाणी नव्हतं आणि मालगाडी उशाशी असल्यासारखी रात्रभर जात होती. मी तिन्ही पुस्तकांत तेच कॅम्पग्राउंड काढलं. जाड पुस्तकाने त्याला दहापैकी साडेआठ गुण दिले होते. फुकट पुस्तिकेत तिथल्या सूर्यास्ताचा फोटो होता. पातळ पुस्तकात लिहिलं होतं, "जागा देखणी, पण मालगाडी तुमच्या पलंगाखालून जाते. पूर्वेकडची ओळ मागा. आंघोळ घरून करून या."

मी वाचून दाखवलं तसा इनासला आठवून हसू फुटलं. "घे हेच," तो म्हणाला.

तरी जाड पुस्तकसुद्धा आमच्याबरोबर आलं, ते आईंमुळे. दुकानात नमुन्याला ठेवलेल्या आरव्हीत त्या बसून बघत होत्या. उंचीने लहान असल्याने बाकावर बसलं की त्यांचे पाय लोंबकळत होते आणि पोटऱ्या अवघडत होत्या. इनासने गंमत म्हणून ती वीट पायाखाली ठेवली. बरोबर मापाची निघाली. पण आई काही केल्या पाय ठेवीनात. पुस्तकाला पाय लावायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. शेवटी मेलिसाने त्यावर आपला टॉवेल गुंडाळला. आईंनी पुस्तकाला हात लावून तो छातीला लावला आणि मगच पाय टेकले.

जॉर्जियन बे

पहिल्या दिवशीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एकच. हायवे सोडून पहिलं वळण घेतलं तेव्हा मी कपाटाची खिटी लावायला विसरले होते. हळदीचा डबा खाली येऊन फुटला आणि भाड्याच्या गाडीचा पांढरट गालिचा हळद लागलेल्या नवरीसारखा पिवळा झाला. इनासने आरशातून पाहिलं. मेलिसा म्हणाली, "मॉम, दॅट्स नेव्हर कमिंग आउट." ती म्हणाली ते खरं ठरलं.

पातळ पुस्तकाने सांगितलं होतं की इथे मागच्या वळणावरच्या जागा मागाव्यात, बर्चच्या झाडांत आहेत आणि वॉशरूम जवळ आहे. गेटवरच्या मुलीला मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "यू मस्ट हॅव बीन हिअर बिफोर." मला उगाचच शाबासकी मिळाल्यासारखं झालं.

जागा खरंच तशी होती. पांढऱ्या सालीची झाडं, मधून दिसणारं पाणी, पाण्यात गुलाबी खडक. इनासने ट्रक लावायच्या सवयीने गाडी एका दमात मागे घेऊन अचूक उभी केली. समोरच्या खुर्च्यांतल्या दोन म्हाताऱ्यांनी, ज्यांची नवख्यांची तारांबळ बघण्याची तासाभराची करमणूक बुडाली असावी, टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी आई आणि मी चक्कर मारायला निघालो. प्रत्येक आरव्हीपुढे माणसं खुर्च्या टाकून बसलेली, मधे शेकोटी, कुत्री पायाशी. जाता जाता सगळे हाय म्हणत होते. कुठून आलात विचारत होते.

"बाय, एवढं घर पाठीवर घेऊन आले," आई म्हणाल्या, "आणि सगळे बाहेरच बसलेत."

"तुम्ही नाही का संध्याकाळी ओट्यावर बसत?"

त्यांना हे पटलं. आमच्या गावी तिन्हीसांजेला बाया बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठी नाहीतर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. इथे तेच चाललं होतं, फक्त इंग्रजीत. मग आईसुद्धा प्रत्येकाला "हाय" म्हणू लागल्या. परत येईपर्यंत त्यांना अर्धं कॅम्पग्राउंड ओळखत होतं. एका बाईने तर त्यांना पेटवायला लाकडंही दिली.

लेक ह्युरॉनचा उत्तर किनारा

दुसऱ्या दिवशी सडबरी मागे टाकून पश्चिमेला वळलो. पातळ पुस्तकात एका लहानशा धक्क्याबद्दल लिहिलं होतं: दुपारी तीनच्या सुमाराला कोळ्याची बोट येते, उशीर केलात तर सीगल पक्षी तेवढे भेटतील. आम्ही वेळेत पोचलो. आई कोळ्यांच्या शेजारगावी वाढलेल्या, त्यामुळे धक्का पाहिल्यावर त्यांचं चालणंच बदललं. कमरेवर हात ठेवून त्यांनी मासे पाहिले, कल्ले उघडून बघितले आणि दोन मोठे व्हाइटफिश निवडले. कोळ्याने मला विचारलं, "इज शी इन द बिझनेस?"

एक मासा तिथल्याच कॅम्पग्राउंडवर रव्यात घोळून तळला. घरून आणलेला मसाला होता. आईंनी पहिला घास खाल्ला, थोडा विचार केला. "मासा चांगला आहे, पण बिचाऱ्याने जन्मात मीठ पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या तुकडीला दुप्पट मीठ चोळलं. वासावर शेजारचा एक निवृत्त मास्तर आपली ताटली घेऊनच आला. संकोच वगैरे काही नाही. दोन तुकड्या खाल्ल्या, त्याच्या मोबदल्यात ब्लूबेरीचा पाय दिला. तो आईंना चालणार नव्हता, आम्ही तिघांनी संपवला.

दुसरा मासा इनासने फ्रिजमध्ये ठेवला. तो खराब होऊ नये म्हणून त्याने फ्रिजचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

वावाच्या अलीकडे

तिसरा दिवस रविवार. सू सेंट मेरीच्या चर्चमध्ये सकाळची मिस ऐकून आम्ही उत्तरेला निघालो. एक चढ चढून गाडी वर आली आणि डाव्या हाताला सुपीरियर दिसलं. मी काय वर्णन करू. निळ्या रंगाचं एक थंड, गच्च काहीतरी क्षितिजापर्यंत पसरलेलं. ना बोट, ना गाव. आई मागच्या बाकावर बसल्या होत्या, त्या खिडकीला नाक लावून बघत राहिल्या.

"थांबायचं का?" मी इनासला विचारलं.

"इथे नको. तुझ्या पुस्तकातल्या जागी थांबू. अगदी काठावर आहे ना?"

अगदी काठावर होती. पातळ पुस्तकातलं सगळ्यात सुंदर पान त्याच जागेचं होतं. लिहिणाऱ्या बाईने म्हटलं होतं, "आम्ही एका रात्रीसाठी आलो आणि आठवडाभर राहिलो." मी ते पान दुमडून ठेवलं होतं.

तिथे पोचलो तर रस्त्यावर आडवी साखळी. साखळीच्या मागे कमरेइतकं गवत आणि एक फळी, तिच्यावर बंद असल्याचं रंगवलेलं, तो रंगही उडालेला. मी पुस्तक उलटून पहिलं पान पाहिलं. छापून आठ वर्षं झाली होती. दुकानात मी खरं-खोटं तपासलं, वर्ष बघायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

अलीकडच्या प्रोव्हिन्शियल पार्कच्या दारावर फुल्ल असा बोर्ड आम्ही येताना पाहिलाच होता. त्या वर्षी देशाला दीडशे वर्षं झाली म्हणून नॅशनल पार्कांचा पास फुकट मिळत होता, आणि अख्खा देशच सुट्टीला निघाल्यासारखा झाला होता. फोनवर एकही काडी नाही. म्हटलं, आधी चहा करावा, मग ठरवू. दूध काढायला फ्रिज उघडला तर दुधाच्या पिशवीचा दगड झाला होता.

मी मागचा कप्पा ओढला. आईंच्या इन्सुलिनची नवी पेनं तिथेच होती. प्रत्येकातलं औषध पांढरं, घट्ट गोठलेलं.

"इनास, फ्रिज कुणी वाढवला?"

"मी. मासा होता ना." तो आत आला, माझ्या हातातली पेनं पाहिली. "बाहेर ठेवू. वितळलं की चालेल."

"नाही चालणार. एकदा गोठलं की ते औषध राहत नाही."

मी वृद्धाश्रमात काम करते. हे मला रोज कुणा ना कुणाला सांगावं लागतं. इनास खाली उतरला आणि साखळीजवळ जाऊन उभा राहिला. मला त्याच्यावर रागवायचं होतं. पण औषध मीच ठेवलं होतं, थंड वाऱ्याच्या तोंडाशी, त्याला न सांगता. रागवायला जागा उरली नव्हती.

आईंच्या पर्समध्ये वापरातलं पेन होतं. मी उजेडात धरून पाहिलं. त्या रात्रीपुरतं होतं, कदाचित तेही थोडं कमीच.

"आता?" आईंनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता.

"पुढच्या गावात मिळेल, आई."

"आज रविवार आहे ना?"

त्या गोष्टीचाच मी विचार करत होते. गाव लहान, रविवारची संध्याकाळ. नाहीच मिळालं तर हॉस्पिटल होतं का, हेही मला माहीत नव्हतं. पातळ पुस्तकात झाडांची नावं होती, सूर्यास्ताच्या वेळा होत्या, हॉस्पिटलचा शब्द नव्हता.

तेवढ्यात मेलिसा आजीपुढे गुडघ्यावर बसली. "आजी, कॅन यू लिफ्ट युअर फीट?"

आईंनी पाय उचलले. मेलिसाने टॉवेल सोडून जाड पुस्तक बाहेर काढलं आणि वावाचं पान उघडलं. तिथे कसलीच शोभा नव्हती. गावाच्या नावापुढे बारीक चिन्हं: पेट्रोल, किराणा, हॉस्पिटल, औषधांचं दुकान. त्याखाली एक ओळ होती. मोटेलच्या मागे कॅम्पग्राउंड, बारा जागा, वीज-पाणी आहे. गुण अगदीच बेताचे.

"दे आर नॉट व्हेरी नाइस," मेलिसा गुण बघून म्हणाली.

"आपल्याला नाइस नको," मी म्हणाले आणि दारातून इनासला हाक मारली.

वावा

वावाच्या तोंडाशी लोखंडाचा एक अवाढव्य हंस आहे. खरं तर तो हंस नव्हे, कॅनडा गूज, आमच्याकडच्या पार्किंगमध्ये घाण करणाऱ्या पक्ष्याचाच थोरला भाऊ. एरवी आम्ही तिथे फोटो काढले असते. त्या दिवशी कुणी मान वर केली नाही.

मोटेलची मालकीण लॉरेट नावाची सत्तरीची बाई होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात बागेचा पाइप. मी जागा आहे का विचारायच्या आधीच औषधाचं सांगून टाकलं. तिने पाइप तिथेच सोडला. "द फार्मसी इज क्लोज्ड," ती म्हणाली, "बट द फार्मसिस्ट इज नॉट." तो कुठे असेल हे तिला ठाऊक होतं. तिने फोन लावला, कुणाशी तरी फ्रेंचमध्ये बोलली, मग दुसरा फोन लावला. "ही इज ऑन द डॉक. ही इज कमिंग."

औषधाच्या दुकानापुढे आम्ही उभे राहिलो. थोड्या वेळाने एक पिकअप आला. त्यातून हाफ पँट आणि मासेमारीची टोपी घातलेला एक तरुण उतरला. आम्हाला बघून तो जागीच थांबला, आम्हीही थांबलो. आपला माणूस होता. जोबिन नाव, मूळचा केरळातल्या कोट्टायमचा, तीन वर्षांपासून त्या गावात.

आईंना इंग्रजी येत नव्हतं आणि त्याला मराठी. मग दोघं हिंदीवर आली. दोघांच्या हिंदीला एकमेकांच्या चुका कळत नव्हत्या, त्यामुळे संभाषण फार सुरळीत झालं.

"दवा थंडा मंगता, पन बरफ नहीं मंगता," आईंनी त्याला परिस्थिती सांगितली.

"बरफ हुआ तो दवा मर गया, अम्मा."

"हां. मर गया. सब मर गया."

इन्सुलिनला इथे डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, फार्मसिस्ट देऊ शकतो. वसईच्या खोक्यावरचं नाव वाचून त्याने कॉम्प्युटरवर बघितलं, नीट विचारपूस केली, किती घेता, केव्हा घेता, आणि त्याच औषधाची इथली पेनं काढून दिली. देताना इनासकडे बघून म्हणाला, "ब्रदर, फ्रिज के दरवाजे में रखना. पीछे नहीं." इनासने शाळकरी मुलासारखी मान हलवली.

आईंनी पिशवीतून सुकेळ्यांची पुडी काढली. आमच्याकडे पिकलेली केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात, खजुरासारखी गोड. स्वतःला बंदी असल्याने त्या वाटत सुटतात. जोबिनने एक तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. मग आईंचा हात आपल्या डोक्यावर घेऊन तो म्हणाला, त्याच्या आईला भेटून दोन वर्षं झाली. आईंनी तो हात बराच वेळ तिथेच ठेवला. त्याच्या आईचं नाव विचारलं, तिच्यासाठी प्रार्थना करीन म्हणाल्या.

लॉरेटचं कॅम्पग्राउंड म्हणजे मोटेलच्या मागचं खडीचं मैदान होतं. कपडे वाळत घातलेले, एका बाजूला ट्रॅक्टर. पुस्तकाने दिलेले गुण जास्तच वाटावेत असं. पण शॉवरला कढत पाणी होतं आणि रात्रीचं जेवण मला इतकं गोड लागलं की काय सांगू. आईंनी वेळेवर इंजेक्शन घेतलं, वितळलेला दुसरा मासा तळला आणि लॉरेटला जेवायला बोलावलं. ती म्हणाली, तिलाही हाताने जेवायचंय. आईंनी तिला भाताचा घास कसा करायचा ते दाखवलं.

कुणी आरव्ही घेऊन निघणार असेल तर माझा सल्ला मागेल, म्हणून इथेच सांगून टाकते. दोन पुस्तकं घ्या. एक ज्याने जागेवर प्रेम केलं त्याचं, आणि एक ज्याने फक्त मोजलं त्याचं. दोन्हींच्या छापल्याचं साल बघा. आणि बटणाला हात लावण्याआधी घरातल्या बाईला विचारा, नाहीतर बाईने तरी काय कुठे ठेवलंय ते सांगावं.

सकाळी लॉरेटने एका किनाऱ्याची वाट दाखवली. हायवे सोडून मातीचा रस्ता, मग एकदम वाळू. आम्ही चौघंच होतो. आईंनी चपला काढल्या, साडी वर खोचली आणि सरळ पाण्यात गेल्या. ओंजळ भरून चाखलं.

"गोडं आहे," त्या मागे वळून म्हणाल्या, आम्हाला ते माहीत नसल्यासारखं.

इनास बूट घालून काठावरच उभा होता. "फार थंड आहे ना?"

"ये इकडे."

त्याने बूट काढले. मोजे काढून नीट घडी करून बुटांत ठेवले, मग पँट दुमडली. पाण्यात पाय टाकल्यावर त्याच्या तोंडून जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. मेलिसा हसून हसून वाळूत बसली. आईंनी ओंजळभर पाणी घेऊन त्याच्या तोंडावरून हात फिरवला, लहान मुलाचं तोंड धुतात तसा. तो पन्नाशीला आलेला, सहा फुटी माणूस मान खाली करून उभा राहिला. पाणी हाडं गोठवणारं होतं, तरी दोघं लवकर बाहेर आली नाहीत.

परतीची वाट

परत निघताना आई म्हणाल्या, त्यांना पुढे बसायचंय. मी मागे गेले. पुढे त्या दोघांच्या माना दिसत होत्या, एक उंच, एक सीटच्या वर जेमतेम आलेली.

झाडं, खडक, पाणी, पुन्हा झाडं. बराच वेळ घर नाही की माणूस नाही. आई सगळं बघत होत्या.

"हिवाळ्यात पण तू इथूनच जातोस?"

"दुसरा रस्ता नाही."

"एकटा?"

"ट्रकमध्ये कोण असणार, आई."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बर्फ पडला तर कुठे थांबतोस?"

इनास आधी टाळत होता. मग म्हणाला, दोन हिवाळ्यांपूर्वी वादळात रस्ता बंद झाला तेव्हा एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपाजवळ ट्रकमध्येच राहिला होता. रस्ता उघडायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. मला त्याने तेव्हा फोनवर एवढंच सांगितलं होतं की उशीर होईल.

"मला बोलला नाहीस," आई म्हणाल्या.

"सांगून तू काय करणार होतीस?"

"रोझरी म्हटली असती. दाखव ती जागा."

ती लवकरच आली. डांबर उखडलेलं मोकळं आवार, फळ्या ठोकलेलं दुकान, भोवती स्प्रूसची रांग. कुठलंही पुस्तक उघडलं तरी हिचं नाव सापडायचं नाही. आई उतरल्या. आवाराच्या मधोमध जाऊन त्यांनी विचारलं, "ट्रकचं तोंड कुठे होतं?"

इनासने हात करून दाखवलं. आई त्याच दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. समोर झाडांशिवाय काही नव्हतं. त्यांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला, आणि मग म्हणाल्या, "चल बाय, इथेच जेवू. भूक लागली."

आम्ही खुर्च्या मांडल्या. भात, सुकटीची चटणी, काकडी. जेवताना रस्त्यावरून एक लांबलचक ट्रक गेला. ड्रायव्हरने भोंगा वाजवून हात केला, इनासनेही ताटावरून हात उचलला.

"ओळखीचा होता?" आईंनी विचारलं.

"नाही. पण इथे सगळे एकमेकांना हात करतात."

आईंनी तो ट्रक वळणाआड जाईपर्यंत पाहिला. जेवण झालं, भांडी आवरली, त्या पुन्हा पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि आपल्या बाजूची काच खाली केली. समोरून पहिला ट्रक आला तसा त्यांनी हात बाहेर काढून हलवला. त्या ड्रायव्हरने भोंगा दिला. मग दुसऱ्याला हात केला, तिसऱ्याला केला. वारा आत येत होता, पातळ पुस्तकाची पानं माझ्या मांडीवर फडफडत होती, मेलिसा म्हणत होती, "आजी, क्लोज द विंडो," पण सडबरी येईपर्यंत आईंनी एकही ट्रक सोडला नाही.